संख्यात, असंख्यात, अनंत : जैन आचार्यांचा संख्याविचार

जिनवाणीचे चार अनुयोग सांगितले आहेत. प्रथमानुयोगातील कथा घराघरांत पोहोचल्या, चरणानुयोगातील आचार श्रावक-श्राविकांनी जपला. करणानुयोग मात्र बहुधा ग्रंथभांडारातच राहिला. लोकाची रचना, द्वीप-समुद्रांची मापे, जीवराशींची गणना हे त्याचे विषय. गणितावाचून त्यांत पाऊल टाकता येत नाही. म्हणूनच आपल्या आचार्यांनी संख्येचा इतका सूक्ष्म विचार केला.

शाळेत आज संख्यांचे वर्ग शिकवितात. शून्य, मोजण्याच्या संख्या आणि त्यांच्या ऋणसंख्या मिळून पूर्णांक होतात. एका पूर्णांकास शून्येतर पूर्णांकाने भागून जी मांडता येते ती परिमेय संख्या, जी वास्तव संख्या तशी मांडता येत नाही ती अपरिमेय.

जैन आगमांतील वर्गीकरणाचा हेतू निराळा आहे. तेथे मुख्य भेद तीन : संख्यात, असंख्यात आणि अनंत. संख्याताचे जघन्य, मध्यम व उत्कृष्ट असे तीन प्रकार. असंख्यात व अनंत यांचे प्रत्येकी परीत, युक्त आणि द्विगुणित (असंख्यातासंख्यात, अनंतानंत) असे तीन भेद, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा जघन्यादी तीन. दिगंबर परंपरेत असे एकूण २१ भेद होतात. जघन्य संख्यात म्हणजे २. एकास गणनेत धरलेले नाही, कारण मोजणी दुसऱ्या वस्तूपासून सुरू होते. उत्कृष्ट संख्यात समजावण्यासाठी जंबूद्वीपाएवढ्या विस्ताराचे कुंड मोहरीच्या दाण्यांनी भरण्याची प्रसिद्ध कल्पना योजिली आहे.

अपरिमेय संख्येशी आचार्यांचा संबंध आला तो याच जंबूद्वीपाच्या मापनात. त्याचा व्यास १,००,००० योजने. परिघ काढण्याचा नियम असा : व्यासाच्या वर्गास १० ने गुणून वर्गमूळ घ्यावे. उत्तर ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये आणि साडेतेरा अंगुलांहून किंचित अधिक असे दिले आहे. दहाचे वर्गमूळ पूर्ण सुटत नाही, म्हणून योजनांवरून कोसावर, कोसावरून धनुष्यावर, धनुष्यावरून अंगुलावर उतरत जावे लागले. तरीही शेवटी ‘किंचित अधिक’ म्हणावेच लागले. अशा न सुटणाऱ्या मुळास भारतीय गणितात ‘करणी’ म्हणतात. शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेला हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकांतही रुळला आहे.

इ. स. ८१६ मध्ये वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावरील धवला टीका पूर्ण केली. त्याच शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा गौरव केला आहे. अपूर्णांकांच्या गणितास ते ‘कलासवर्ण’ म्हणतात. अंशस्थानी एक असलेल्या अपूर्णांकांची बेरीज एक कशी करावी, याचा त्यांचा नियम व्यापाऱ्यासही आवडेल असा आहे. निम्मा, तिसरा, नववा आणि अठरावा भाग मिळून पूर्ण एक होतो. १८ मीटरच्या ताग्यातून ९, ६, २ आणि १ मीटर कापून दिल्यास चिंधीही उरत नाही. ऋणसंख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्यांना आज वास्तव संख्या म्हणतात, त्यांची एक सीमाच येथे आखली गेली.

मात्र अभिमान सत्याला धरून असावा. व्यास व परिघाचे गुणोत्तर दहाचे वर्गमूळ नव्हे. त्या मानाने जंबूद्वीपाचा परिघ सुमारे २,०६८ योजने अधिक येतो. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे महावीराचार्यांचे मतही आज ग्राह्य नाही. करणी अपरिमेय असल्याची सिद्धता ग्रीकांनी दिली. अनंताचे लहानमोठेपण जर्मन गणिती कँटर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले. आपले असंख्यात म्हणजे कँटरचे अनंत नव्हे, कारण उत्कृष्ट संख्यातात एक मिळविताच त्याचा आरंभ होतो. परंतु सर्व अनंत सारखे नसतात, हा विचार जैन आचार्यांनी शतकानुशतके आधी मांडला, एवढे निःसंशय म्हणता येते. तेवढे थोडके नाही.

हे धन आपल्यापर्यंत सहज आलेले नाही. धवलेची ताडपत्रे मूडबिद्री येथे पूजेत होती, वाचनात नव्हती. त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या श्रावकांनी खटपट केली. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ‘गणितसारसंग्रह’ १९१२ मध्ये मद्रास येथे रंगाचार्यांनी इंग्रजी अनुवादासह छापला, तर हिंदी अनुवादाची आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली. महाराष्ट्रातील श्रावकांचे हे ऋण मोठे आहे.

शास्त्राची पूजा त्याच्या स्वाध्यायाने पूर्ण होते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पाठशाळेतील मुलांच्या हाती करणानुयोगाची चार पाने पडावीत. शाळेत करणी सोडविणाऱ्या मुलामुलींना जंबूद्वीपाचा परिघ एकदा स्वतः काढून पाहू द्यावा. आचार्य जेथे थांबले तेथून पुढे पाहण्याची जिज्ञासा त्यांच्यात जागी झाली, तर ती खरी श्रुतपूजा ठरेल.