वई, गडगा आणि कंपाउंड

वाडी म्हणजे मुळात कुंपणाने वेढलेली जागा. संस्कृतातल्या 'वाट' शब्दाचा एक अर्थ कुंपण, आवार असा आहे आणि वाटिका, वाडी, वाडा ही सगळी त्याचीच प्रजा. कुंपणासाठीचा कोकणातला 'वई' हा शब्दही तितकाच जुना. संस्कृतात 'वृति', प्राकृतात 'वइ', गोव्याच्या कोकणीत 'वंय'. किनाऱ्यावर आजही माडापोफळीची बाग ती वाडी आणि पाच-पंचवीस घरांची वस्ती तीही वाडीच. मुंबईतल्या गिरगावात फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी ही नावे टिकली आहेत. तिथल्या झाडांच्या जागी चाळी आल्या, त्यांनाही आता शतक उलटले, पण पत्त्यात वाडी राहिलीच.

कुंपण कसे असावे याचा विचार धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात बारकाईने केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाटेकडेच्या शेताची वृति उंटाला वरून आत डोकावता येणार नाही इतकी उंच असावी आणि कुत्रे किंवा डुक्कर तोंड घालील असे एकही भोक तीत राहू नये, असे मोजमाप दिले आहे. हद्दीसाठी वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखी दीर्घायुषी झाडे लावावीत, शिवाय जमिनीखाली दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, सुक्या गोवऱ्या, विटा, कोळसे पुरून ठेवावेत, असेही तिथे सांगितले आहे. या सगळ्या वस्तू लवकर न कुजणाऱ्या किंवा मातीत चटकन ओळखू येणाऱ्या आहेत. वरचे कुंपण रात्रीतून सरकवता येते, पुरलेली राख सरकवता येत नाही, हा त्यातला हिशेब. तंटा झालाच तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबड्या फुलांच्या माळा आणि तांबडी वस्त्रे घालून हद्द सांगायची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जागेचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोडवायला सांगितले आहेत. महाराष्ट्रात गावशिवेच्या वादात हे साक्षीचे काम परंपरेने महारांकडे होते. हद्द पाठ असणे ही त्यांची एक जबाबदारी मानली जाई.

घराभोवतीच्या कुंपणाचे महाराष्ट्रात ढोबळमानाने दोन प्रकार झाले. देशावर गाव पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या जागेवर, एकवटलेले असे, त्याभोवती गावकूस आणि तिला वेस. राखण सगळ्या गावाची मिळून होत असल्याने एकेका घराला वेगळे कुंपण घालायची गरज नव्हती. घराच्या भिंती हेच कुंपण आणि अंगण त्यांच्या पोटात. वाड्याचा चौक म्हणजे आत घेतलेले अंगण. विदर्भात घरामागची सांदवाडी काट्यांनी किंवा मातीच्या भिंतीने बंद केलेली असे. कोकणात याच्या उलट. तिथली घरे एकमेकांपासून सुटी, प्रत्येकाभोवती माड, पोफळी, फणस, विहीर आणि गोठा. तिथे गावकूस नाही, म्हणून ज्याची त्याची वई. कुंपणाची कला वाढली ती या दुसऱ्या प्रकारात, त्यामुळे पुढचा बराचसा इतिहास किनाऱ्याकडचा आहे.

वई घालण्याचे काम दरवर्षीचे. पावसाळ्यात भात उभे असेतो गुरे राखणीत असत. कापणी झाली की ती मोकळी सुटत आणि मग परसातली भाजी, वायंगणाची रोपे, माडाचे कोवळे कोंब यांच्यावर संक्रांत येई. त्याआधी वई उभी करावी लागे. हातभर अंतरावर मेढी ठोकायच्या, त्यांना बांबूच्या कामट्या आडव्या बांधायच्या, मध्ये बोरी, करवंदी, चिल्हार यांच्या काटेरी फांद्या दाबून बसवायच्या. बांधायला सुंभ किंवा केवणीच्या सालीचे दोर. चिल्हारीचा काटा उलटा वाकलेला असतो. जनावर आत शिरताना एकदा आणि मागे फिरताना दुसऱ्यांदा अडकते, म्हणून वई घालणारे तिला मान देत. वाळलेली वई वर्षभरात वाळवी आणि पाऊस मिळून संपवत. उरलेसुरले चुलीत जाई आणि पुन्हा नवी वई. याला अपव्यय म्हणता येणार नाही. रानातले जळण चुलीपर्यंत येताना वाटेत काही महिने राखण करून येई, एवढेच.

जिवंत वई याहून हुशारीची. पहिल्या पावसात पांगारा, शेवगा, शेर यांच्या फांद्या तोडून रोवल्या की त्यांना मुळे फुटतात आणि मेढीच झाड होते. मेढीवरचा पाला खताला, शेंगा भाजीला, पांगाऱ्यावर मिरवेल. मात्र जिवंत कुंपण वाढते तसे पसरतेही. दर पावसाळ्यात नव्या फांद्या थोड्या पलीकडे रोवल्या तर दहा-बारा वर्षांत शेजाऱ्याची हातभर जागा आपसूक अलीकडे येते. कोकणातल्या भाऊबंदकीचे किती खटले अशा पायी चालत गेलेल्या वईतून उभे राहिले असतील, ते दिवाणी कोर्टांतल्या जुन्या कारकुनांनाच ठाऊक.

जांभ्याच्या कोकणात वईला जोड मिळाली गडग्याची. गडगा म्हणजे चुना-मातीशिवाय रचलेली दगडांची भिंत. जमीन लागवडीला आणताना निघालेले जांभ्याचे धोंडे कुठेतरी टाकायचेच असतात. ते हद्दीवर रचले की जमीन साफ होते आणि राखणही होते. तळाशी मोठे धोंडे, पाया रुंद, वर जाताना दोन्ही बाजू किंचित आत झुकलेल्या, मधल्या फटींत चिपा ठोकलेल्या, माथ्यावर पसरट दगड. सांधे भरायचे नाहीत, यातच गडग्याचे आयुष्य आहे. पावसाळ्यात उतारावरून येणारे पाणी सांध्यांतून झिरपून जाते. तोच गडगा मातीने लिंपला तर मागे पाणी तुंबते आणि पोट सुटून भिंत बसते. गडग्याच्या कपारींत नेचे, शेवाळ, सरडे, घोरपड आणि सापही नांदतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण बहुधा अशाच एखाद्या भिंतीकडे बघून सुचली असावी. दोन गडग्यांमधून जाणारी अरुंद चढउताराची पाखाडी हा कोकणातल्या गावाचा रस्ता. गाडी जाईल इतकी ती रुंद नसे, कारण गडगा कुणीच मागे घेत नसे.

गडग्याला जिथे खंड पडतो तिथे बेडे. दोन बाजूंना भोके पाडलेले दोन खांब आणि त्यांतून आरपार सरकवलेल्या आडव्या काठ्या, हे त्याचे साधे रूप. माणूस वरची काठी सरकवून आत येतो, गाईला ते जमत नाही. नंतर फळ्यांची कवाडी आली. दक्षिण कोकणात याशिवाय एक न दिसणारे कुंपणही असे. जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या रक्षक दैवताला, वर्षातून एकदा राखण द्यायची, कोंबडा किंवा नारळ, आणि त्याने हद्दीवर फिरून घरादाराला सांभाळायचे. करार दरवर्षी नवा होई, वईसारखाच.

कुंपणाच्या आतले अंगणही असेच वर्षाच्या वर्षाला नवे केले जाई. सिंधुदुर्गात त्याला खळे म्हणतात, आणि ते नाव कामाचे आहे, कारण भाताची झोडणी, सुपारी, कुळीथ, आमसुले वाळवणे हे सगळे तिथेच चाले. पावसाळ्यात माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर झावळ्या पसरून ठेवत. पाऊस ओसरला की गवत खरवडून काढायचे, तांबडी माती टाकून पाणी शिंपायचे आणि ओली माती लाकडी चोपण्याने चोपून घट्ट करायची. माती फार ओली असेल तर चोपण्याला चिकटते, फार सुकली तर भेगा पडतात. नेमकी वेळ बायकांना पायाच्या तळव्याने कळे. मग शेणाने सारवण. शेणातला तंतू मातीचा वरचा थर बांधून ठेवतो आणि धूळ उडू देत नाही. दिवाळीपर्यंत अंगण आरशासारखे झाले की त्यावर मांडव पडे, मध्ये तुळशीवृंदावन रंगवून होई आणि कार्तिकात तुळशीचे लग्न तिथेच लागे. देशावर याच जागी रोजचा सडा आणि रांगोळी.

घरगुती कुंपणातली जी झाडे आज खास देशी वाटतात, त्यांतली बरीच समुद्रापलीकडून आली आहेत. फड्या निवडुंग, मोगली एरंड आणि घायपात ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज तिथून इथे ये-जा करू लागल्यानंतरची. मोगली एरंडाला शेळी तोंड लावत नाही आणि फांदी रोवली की तो लागतो, एवढ्या दोन गुणांवर तो गावोगाव पोचला. घाणेरी 1809 मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात कुंपणाची शोभा म्हणून आणली गेली आणि तिने पुढे सगळे रान व्यापले. उंदीरमारी, जिला आता गिरिपुष्प म्हणतात, तीही परदेशीच. अस्सल किनाऱ्यावरची म्हणावी तर कोयनेल. तिचा पाला कडू असल्याने गुरे टाळतात आणि कात्रीने कितीही छाटली तरी ती नव्याने फुटते.

फड्या निवडुंगाची कथा मात्र वेगळी सांगावी लागते. दख्खनच्या कोरड्या भागात त्याने गावांभोवती, परसांभोवती उभी केलेली भिंत कुणाला ओलांडता येत नसे, पण ती आवरताही येईना. कुंपण म्हणून लावलेले निवडुंग शेतात, गायरानात, गल्लीत पसरले. त्याच्या जाळीत घाण साचे, साप राहत. यातून सुटका एका किड्याने केली. लाल रंग देणारा कोचिनील किडा पैदास करावा म्हणून 1795 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ब्राझीलहून किडे आणवले, ते निघाले वेगळ्याच जातीचे. रंग फारसा मिळाला नाही, पण एका जातीचे निवडुंग त्यांनी फस्त केले. दुसरी, अधिक चिवट जात शिल्लक राहिली. तिच्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून आणखी एक कोचिनील किडा आणला गेला आणि काही वर्षांतच दक्षिण भारतातली निवडुंगाची मोठमोठी बने कोसळली. कापसासारखे पांढरे पुंजके धरलेले, लोंबकळत सडणारे फड म्हणजे एका अर्थी शेकडो गावांची कुंपणेच होती.

कुंपणाचे झाड कुठवर जाऊ शकते याचा कळस इंग्रज सरकारनेच गाठला होता. मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी सिंधू नदीपासून ओरिसाकडे जाणारी जकातीची सीमा आखली गेली. तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांची जिवंत वई वाढवली होती. ही रांग तापीकाठच्या बुऱ्हाणपुराजवळून जात होती. 1879 मध्ये ती सीमा मोडली. परसात शेळी अडवणारीच झाडे होती ती, फक्त कामाला सरकारी होती.

इंग्रजी अमदानीत कुंपणाचे एक जुने काम मात्र हिरावले गेले. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेली जमीन मोजणी हळूहळू मुंबई इलाखाभर पसरली, हद्दीचे दगड आणि नकाशे आले. पुढे शहरांत सिटी सर्व्हे झाला. हद्दीचा पुरावा वईकडून कागदाकडे गेला. 1871 च्या जनावरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने शेजाऱ्याच्या कुंपणात घुसलेल्या गाईची वाट कोंडवाड्याकडे वळवली. आधी नुकसान भरून देण्याचा वाद पारावर मिटे, आता दंड भरून जनावर सोडवून आणायचे.

याच काळात 'कंपाउंड' हा शब्द रूढ झाला. तो इंग्रजीतून आला असला तरी मुळात मलायी 'कांपुंग' या शब्दावरून बनला असावा असे बरेच कोशकार मानतात, आणि कांपुंग म्हणजे कुंपणातली वस्ती, म्हणजे वाडीच. छावण्यांतल्या बंगल्यांभोवती मोकळे आवार, समोर फाटक, कडेने मेंदी किंवा कोयनेलची छाटलेली रांग, हा नमुना मराठी मध्यमवर्गाने नंतर उचलला. 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार न्यासाने पुढे दादर-माटुंग्याला वसाहती आखल्या, तेव्हा इमारतीभोवती ठरावीक जागा मोकळी सोडणे हा नियमच झाला. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरच्या बंगल्यांनी तेच केले. या आवारात झोडणी नव्हती, गुरे नव्हती. पारिजातक, मोगरा आणि क्वचित आंब्याचे कलम यांसाठी ती जागा होती आणि कुंपण फुले चोरणाऱ्यांपुरते.

तार त्या मानाने उशिरा आली. काटेरी तारेचे सर्वांत यशस्वी पेटंट अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने 1874 मध्ये घेतले, ते कुरणे बंदिस्त करण्यासाठी. आपल्याकडे ती विसाव्या शतकात घराभोवती दिसू लागली. आधी लाकडी खांबांवर, नंतर सिमेंटच्या. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने ती काही वर्षांत गंजते, म्हणून तारेमागे जुनी वई ठेवण्याची पद्धत बरीच टिकली.

शेवटचा मोठा बदल चिऱ्याचा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. पूर्वी हाताने तासलेले चिरे महाग पडत, ते घराच्या जोत्याला आणि देवळाला. यंत्राने कापलेले चिरे आल्यावर ते कुंपणालाही परवडू लागले आणि सिमेंटमध्ये बांधलेल्या सरळ भिंती गडग्यांच्या जागी आल्या. रस्ते रुंद होताना पाखाड्यांचे गडगे मोडले, त्यांचेच धोंडे भरावात गेले. अंगणात शहाबादी फरशी किंवा कोबा आला, सारवण संपले. राष्ट्रीय इमारत संहितेत रस्त्याकडच्या आवारभिंतीची उंची दीड मीटरपर्यंत धरली आहे, वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा असेल तर 2.4 मीटरपर्यंत. मनूचा उंट या हिशेबात आरामात आत डोकावेल.

सिमेंटच्या भिंतीला निगा लागत नाही ही समजूत पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत दूर होते. उतारावरच्या भिंतीला तळाशी पाणी जायला भोके ठेवावी लागतात, ती पालापाचोळ्याने बुजतात. वडा-पिंपळाचे रोप सांध्यात धरले तर मुळासकट काढावे लागते. रानडुकरे आणि माकडे यांना भिंत पुरत नसल्याने अनेक बागांभोवती आता सौर विजेची झटका तार ओढली जाते. तिला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते आणि झटका बसेनासा होतो, म्हणून तारेखालचे गवत पावसाळाभर दर काही दिवसांनी कोयत्याने कापावे लागते.