ट्रकच्या केबिनमधली शाळा

मालट्रक चालवायला माणूस शिकतो कुठे, या प्रश्नाचे आपल्याकडचे खरे उत्तर स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके एकच होते: क्लीनर म्हणून. गावातला किंवा नात्यातला एखादा ड्रायव्हर पोराला गाडीवर घेई. पोरगा गाडी धुई, काचा पुसे, पाणी-ऑइल पाही, ताडपत्री ताणून दोर आवळी. लोखंडी टॉमीने टायर ठोकून हवा किती आहे ते तो आवाजावरून सांगे. चढावर गाडी अडली की उडी टाकून चाकामागे लाकडी ठोकळा लावी. अशी दोन-चार वर्षे गेली की मोकळ्या रस्त्यावर, बहुधा रात्री, उस्ताद त्याच्या हाती स्टेअरिंग देई. मालवाहतुकीच्या धंद्यात ड्रायव्हर घडवणारी खरीखुरी चालती व्यवस्था होती ती हीच. कायद्याने तिला शिक्षण मानले नाही, म्हणून तिच्यातले दोष कुणी दूर केले नाहीत. आणि ती मोडू लागली तेव्हा तिची जागा कशाने भरायची, हेही कुणी ठरवले नाही.

हे असे का झाले, याचे मूळ वाहतुकीच्या मालकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने हजारो भारतीयांना मोठ्या गाड्या चालवायला शिकवले. युद्ध संपल्यावर ही माणसे घरी परतली आणि लष्कराने विकायला काढलेल्या लॉऱ्याही बाजारात आल्या. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आणि 1954 पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक येऊ लागले. गाड्या वाढल्या तशी ड्रायव्हरांची गरज वाढली. पण ते तयार कोण करणार? प्रवासी वाहतुकीत या प्रश्नाला उत्तर मिळाले, कारण तिथे सरकार स्वतः मालक झाले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, 1950 मध्ये रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. महामंडळाला चालक पारखून घ्यावे लागत, शिकवावे लागत. त्यासाठी एसटीने भोसरीत प्रशिक्षण केंद्र चालवले. राज्यांच्या परिवहन उपक्रमांना साहाय्य करणारी केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थाही 1967 मध्ये भोसरीतच उभी राहिली. मालवाहतूक मात्र खाजगी हातांत राहिली, आणि ते हात बहुतेक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे होते. असा मालक शाळा कुठून काढणार? त्याची शाळा म्हणजे गाडीची केबिन, आणि फी म्हणजे पोराची मेहनत.

या शाळेत शिकायला मिळे ते थोडके नव्हते. जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स असा, की खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबून न्यूट्रल, मग क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. इंजिनाचा सूर जुळला नाही तर दाते खरखरत आणि गिअर पडत नसे. बोरघाटात किंवा कसारा घाटात भरलेल्या गाडीला चढावर असा गिअर चुकला की गाडी मागे सरकण्याची भीती. हा सूर ओळखायला कान तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होई शेकडो वेळा शेजारी बसून ऐकल्याने. घाट उतरताना काय करायचे, हाही त्याच बाकावरचा धडा होता: ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. तसे केले की इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक गार राहतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वाहतूक वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान 30 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याला 15 तास ठरवून दिले. पंधरा तासांत गाडी हाकता येईल. पण भरलेला ट्रक, ओला रस्ता, सैल बांधलेला माल, थकलेले शरीर हे सारे एकदम समोर आल्यावर काय करायचे, ते इतक्या वेळात अंगात मुरत नाही.

कायद्याला क्लीनर ठाऊक नव्हता असे नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात त्याचा उल्लेख होता. रोज आठ तास काम, बालकांना कामावर ठेवण्यास बंदी, अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. पण कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना. एका ट्रकवर एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर; दोन ट्रकच्या मालकाकडे माणसे चारच. म्हणजे ज्या मालकांकडे बहुतेक क्लीनर शिकत होते, तेच कायद्याच्या बाहेर राहिले. त्याच 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदाही झाला. कारखान्यातल्या फिटर-टर्नरला त्यामुळे विद्यावेतन, ठरलेली मुदत आणि शेवटी प्रमाणपत्र मिळाले. तितकीच वर्षे घालवून तितकेच अवघड काम शिकणाऱ्या ट्रकवरच्या पोरापर्यंत तो कायदा पोचला नाही. संसदेने एकाच वर्षी कामगार आणि उमेदवार या दोघांसाठी कायदे केले. क्लीनर दोन्ही होता आणि दोन्हींतून निसटला.

यावर पहिला आक्षेप असा, की ही पद्धत म्हणजे पिळवणूक होती आणि तिच्यातून वाईट सवयीच पुढच्या पिढीत गेल्या. आक्षेप खरा आहे. कित्येक क्लीनर वयाने कोवळे होते, बऱ्याच जणांना पगाराऐवजी जेवण आणि खर्चीच मिळे, आणि परवाना नसताना त्यांच्या हाती गाडी देणे हा गुन्हाच होता. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड तर आजही जीव घेते. इंजिनाचा आवर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली ब्रेकची हवा उतरत जाते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले, तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचीच गोष्ट पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आली होती. पण ही खोड आली कुठून? खेपेचे डिझेल ठरवून द्यायचे आणि वाचेल ते ड्रायव्हरचे, हा व्यवहार तिच्या मुळाशी आहे. उस्तादाला शिकवण्याचा मोबदला नव्हता, काय शिकवले हे विचारणारे कुणी नव्हते. तेव्हा चांगले आणि वाईट दोन्ही एकाच ओघात पुढे गेले. याचा अर्थ ती पद्धत देखरेखीखाली आणायला हवी होती. ती मोडीत निघू देणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

झाले मात्र तेच. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता. दुसऱ्याच्या जागी बहुधा शिकाऊ हातच असे. 2018 मध्ये ती अट काढली. भाडे परवडत नाही म्हणून मालकांनी दुसरा माणूस कमी केला, तशी शेजारची सीट रिकामी झाली. वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट 2019 मध्ये उठवली गेली. न शिकलेल्या पण कसबी माणसाची वाट तिने अडवली होती, म्हणून हा निर्णय योग्यच होता. पण पुस्तकी अट गेली तेव्हा कसबाची अट अधिक कडक व्हायला हवी होती. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतूक वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय दिला. त्यामुळे लहान टेम्पोवाल्यांची परवड थांबली, पण कारवरून टेम्पोवर येतानाची परवान्याची पायरीही उरली नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता ट्रक सुधारले, गिअरसाठी दोनदा क्लच दाबण्याची गरज उरली नाही आणि सिम्युलेटर आले. 2021 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रांत अवजड वाहनाचा 38 तासांचा अभ्यासक्रमही आहे. ही केंद्रे हवीतच. नियम, ब्रेकचे शास्त्र, डोळ्यांची तपासणी या गोष्टी केबिनमधल्या शाळेने कधी धड शिकवल्या नाहीत. पण गिअर हलका झाला म्हणून वीस-तीस टनांचे वजन हलके होत नाही, आणि वेग तर पूर्वीपेक्षा वाढलाच आहे. केंद्रातून बाहेर पडलेला तरुण पहिल्याच खेपेला एकटा घाटात उतरतो, तेव्हा त्याच्या शिक्षणातला मधला टप्पा गाळलेला असतो.

तो टप्पा परत आणता येईल. केंद्रातल्या अभ्यासक्रमानंतर नोंदणीकृत अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी ठरावीक महिने भरलेल्या गाडीवर उमेदवारी, उमेदवाराला विद्यावेतन, शिकवणाऱ्याला मानधन, आणि त्याची नोंद परवान्यावर. एक-दोन गाड्यांच्या मालकाला हा खर्च झेपणार नाही, हे खरे; म्हणून तो सरकारने आणि ज्यांचा माल वाहिला जातो त्या कंपन्यांनी वाटून घ्यावा. फिटरला आणि टर्नरला उमेदवारीचा हक्क या देशाने 1961 मध्ये दिला. आपले धान्य, सिमेंट, औषधे रात्रभर जागून पोचवणाऱ्याचाही तो हक्क आहे, आणि त्याच्यासमोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्यावर अवलंबून आहे.