सदतिसाला एक

पहाटे साडेपाचला विश्रांतवाडीच्या चौकात तुम्ही बुटांच्या नाड्या आवळता. बीआरटीच्या लेनमधून पहिली बस निघून जाते, मागोमाग दुधाचे टेम्पो. तुम्हाला धावायला हवा आहे हॉर्न नसलेला, अंगावर न येणाऱ्या उताराचा, दोन्ही बाजूंना रान असलेला रस्ता. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून, डांबर टाकून अशा वाटा करतात. तसा सोडून दिलेला एक मार्ग आपल्या खंडाळ्याच्या घाटातही आहे. डांबर तेवढं कुणी टाकलेलं नाही. तेव्हा तिथे १८५८ मधून जाऊ.

फुलेनगर मागे पडता पडता घरं विरळ होतात, मग दिसेनाशीच. डेक्कन कॉलेजची दगडी इमारतही नाही. तिचं काम सुरू व्हायला अजून सहा वर्षं आहेत. होळकर पुलावरून मुळा ओलांडून तुम्ही खडकीला येता. १४ जून १८५८ ला पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली आहे. तिच्यात बसता. खंडाळ्याला रूळ संपतात. मुंबईची पुढची गाडी खाली खोपोलीला उभी, आणि मधला घाट पालखीत, डोलीत नाहीतर तट्टावर बसून उतरायचा. सहप्रवासी भोयांशी भाड्याची घासाघीस करत असतात. तुम्ही आखलेल्या, पण अजून पुरता न खोदलेल्या मार्गानं पळत सुटता.

उतार पोटऱ्यांना कळतो, पण गुडघ्यांना झोंबत नाही. सर्वांत तीव्र ठिकाणी सदतिसाला एक: सदतीस फूट पुढे, एक फूट खाली. वाफेच्या इंजिनाला जेमतेम झेपेल एवढाच. जेम्स बर्कली या मुख्य इंजिनिअरनं सह्याद्रीत हा उतार शोधला, म्हणून तुमचा श्वास ताब्यात आहे. कर्जतपासून वर जवळपास सोळा मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. शिंगरोबा धनगरानं साहेबाला वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, असं दंतकथा सांगते. खोपोलीकडच्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात.

पुढच्या वळणावर जानेवारी १८६१ लागतो. दारूचा वास, धूर, आणि कड्यावर दोरांनी लोंबकळणारी माणसं. पहारीनं सुरुंगाची भोकं पाडत आहेत. या महिन्यात घाटात ४२ हजारांवर लोक कामाला आहेत. बायकांच्या डोक्यावर पाट्या, त्यांत दगड. तुम्ही बाजूला होऊन वाट देता. तुमच्या बुटांकडे एक पोरगी टक लावून बघते. पटकी आणि तापानं इथे माणसं पटापट जातात. आधीचा ठेकेदार फॅव्हिएल मजुरांच्या दंगलीनंतर काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. मग ठेका त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, चालवला. बर्कली १८६२ मध्ये गेला. त्याला पहिली गाडी दिसली नाही.

ती दिसते तुम्हाला, एप्रिल १८६३ मध्ये, रिव्हर्सिंग स्टेशनात. इथे डोंगराला वळसा घालायला जागाच नाही. कर्जतहून चढत आलेली गाडी कड्याच्या टोकाशी थांबते, इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, आणि ज्या तोंडानं आली त्याच्या उलट तोंडानं पुढचा चढ चढते. सपाटीचा हा तुकडा तुम्हाला फार बरा वाटतो. धाप आवरायची ती इथेच.

खाली उतरताना जुलै १८६७ च्या पावसात एक मोठा दगडी पूल कोसळलेला दिसतो. गवंडीकाम कच्चं निघालं. गाडी चालू करायची घाई तेव्हाही होतीच.

तिथून वळून पुन्हा चढ घ्या. रिव्हर्सिंगला पोचेपर्यंत १९२९ उजाडतं. विजेची इंजिनं आली, नवे बोगदे खोदले गेले, इंजिन उलटं लावायची गरज संपली. जुनी वाट सोडून गाड्या शेजारच्या नव्या मार्गानं निघाल्या.

आजही त्या शेजारच्या मार्गावर गाड्या धावतात, उतरताना ब्रेक तपासायला ठरलेल्या जागी थांबतात. त्या रुळांच्या वाटेला जाऊ नका. मी बोलतोय तो सोडलेल्या तुकड्याबद्दल. तिथे पृष्ठभाग सारखा करायचा, कठडा लावायचा, पाण्याचे दोन नळ. उतार तर आयता तयार आहे. आणि पाटी लावलीच, तर बर्कली आणि अ‍ॅलिस यांच्या आधी त्या बेचाळीस हजारांचा आकडा लिहावा, नावं कुणी टिपली नाहीत म्हणून.