मावशीची अर्धशिशी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली आणि 'आयव्हीआयजी' हा शब्द घराघरात पोचला. आमच्या घरी तो आधीच येऊन गेला होता. मावशीच्या हातापायांतली शक्ती जायला लागली, तेव्हा तिला हेच औषध शिरेतून चालू केलं होतं. तिसऱ्या रात्री तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं. मान आखडली, उलट्या, उजेड सहन होईना. मेंदूज्वर? आम्ही सगळे हादरलो. पाठीतलं पाणी तपासलं. पेशी वाढलेल्या, पण जंतू सापडला नाही. चार दिवसांत डोकं थांबलं. मी मात्र या औषधाचा इतिहास वाचत बसलो.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्यं. ती वेगळी करायची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी बसवली. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी सारख्या आजारी पडणाऱ्या ८ वर्षांच्या मुलाला ती टोचली. त्याच्या रक्तात ती जवळजवळ नव्हतीच. पण शिरेतून दिली की त्रास व्हायचा, म्हणून कित्येक वर्षं दुखरी इंजेक्शनंच चालली.

पुढे शिरेतून देण्याजोगं औषध निघालं. १९८१ मध्ये बर्नच्या पॉल इम्बाख यांनी ते प्लेटलेट घटलेल्या मुलांना दिलं आणि प्लेटलेट चढल्या. १९९२ मध्ये डच डॉक्टरांनी दाखवलं, की जीबीएसमध्येही ते रक्तद्रव बदलण्याइतकंच गुणकारी आहे.

पण अशा आजारांत मात्रा मोठी लागते, आणि तिथेच ही डोकेदुखी दिसू लागली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी ५४ रुग्णांची नोंद छापली. ६ जणांना मावशीसारखाच, जंतूंशिवायचा मेंदूच्या आवरणाचा दाह झाला होता. त्यातली खरी गोष्ट पुढेच आहे. अर्धशिशी असलेल्या ८ पैकी ४ जणांना तो झाला, बाकीच्या ४६ पैकी फक्त दोघांना. क्वचित याहून गंभीरही घडतं, रक्त गोठून पक्षाघात होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गुठळ्यांबद्दल ठळक इशारा छापायला लावला.

हे वाचलं आणि चपापलो. मावशीला तरुणपणापासून अर्धशिशी! कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. "ती काय सांगायची, घरोघरी असते," असं मावशीच म्हणाली.

पुढच्या खेपेला सांगितलं. औषध अगदी सावकाश सोडलं, भरपूर पाणी पाजलं. डोकं दुखलं, पण सोसवेल इतपतच. औषध सोडायचा प्रश्नच नव्हता, त्यानेच तर ती पुन्हा चालते आहे.

तर मंडळी, दवाखान्यात गेलात की क्षुल्लक वाटणारं दुखणंही सांगा. आणि औषध चालू असताना डोकं दुखलं तर गप्प बसू नका.