टॉल्किन आणि त्यांचे प्रकाशक : एका वादाची कहाणी

लेखक आणि प्रकाशक यांचे नाते मोठे विलक्षण असते. एकाजवळ हस्तलिखित असते, दुसऱ्याजवळ भांडवल. पुस्तक जन्माला यायचे तर दोघांनाही परस्परांवर विश्वास टाकावा लागतो. त्या विश्वासाची नोंद करारपत्रात होते खरी. परंतु वाद उद्भवतात ते बहुधा करारपत्रात न लिहिलेल्या गोष्टींवरून. अशा वेळी लेखकाने कसे वागावे, प्रकाशकाने कसे वागावे, याचा विचार करताना मला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या जगप्रसिद्ध कादंबरीमागचा इतिहास वारंवार आठवतो.

या कादंबरीचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक आणि निष्ठावंत कॅथलिक होते. बालपणीच वडील व पुढे १९०४ साली आई निवर्तल्यावर बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक या नात्याने त्यांचा सांभाळ केला. १९३६ साली त्यांच्या ‘द हॉबिट’ या बालकथेचे हस्तलिखित लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेकडे गेले. संस्थेचे प्रमुख स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. रेनरने अनुकूल अभिप्राय लिहिला आणि त्याबद्दल एक शिलिंग मोबदला मिळवला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी पुस्तक प्रसिद्ध झाले व पहिली आवृत्ती वर्षअखेरीपूर्वीच संपली.

पहिला पेच लगेच पुढच्या वर्षी आला. जर्मनीतील एका प्रकाशनसंस्थेला ‘द हॉबिट’चे भाषांतर काढायचे होते. नाझी राजवटीचे दिवस होते. लेखक ‘आर्य’ वंशाचा आहे काय, अशी लेखी विचारणा त्या संस्थेने केली. टॉल्किन संतापले. यहुदी रक्त आपल्यात नसणे ही भूषणाची बाब आहे, असे त्यांना मुळीच वाटत नव्हते आणि तो वंशसिद्धान्त त्यांच्या मते अशास्त्रीय व घातक होता. परंतु रागाच्या भरात त्यांनी जर्मन प्रकाशकाला परस्पर पत्र धाडले नाही. जर्मन आवृत्ती बुडाली तर नुकसान ॲलन अँड अन्विनचेही होणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून २५ जुलै १९३८ रोजी त्यांनी उत्तराचे दोन मसुदे आपल्या लंडनच्या प्रकाशकाकडे पाठवले आणि निवड त्यांच्यावर सोपवली. स्वतःचे मत मात्र त्यांनी रतिभरही सौम्य केले नाही. भागीदाराचा हक्क आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी या दोहोंचा मान त्यांनी एकाच पत्रात राखला. जर्मन ‘हॉबिट’ प्रसिद्ध व्हायला पुढे १९५७ साल उजाडले.

इतका समंजस लेखक पुढे स्वतःच्याच प्रकाशकाशी मात्र तुटेपर्यंत ताणून बसला. दुसरा वाद तो हाच आणि तोच अधिक बोधप्रद आहे.

‘द हॉबिट’चा पुढचा भाग म्हणून डिसेंबर १९३७ मध्ये आरंभलेली कथा वाढत वाढत प्रचंड झाली व १९४९ साली पूर्णत्वास आली. टॉल्किन यांचा हट्ट असा, की तारुण्यापासून रचत आणलेला ‘द सिल्मॅरिलियन’ हा पुराणकथांचा ग्रंथही तिच्यासोबतच छापला जावा. या ग्रंथाचे काही भाग अन्विन यांनी १९३७ मध्येच पाहून परत केले होते. तो सल मनात होताच. त्याच सुमारास डॉमिनिकन संघाचे विद्वान धर्मगुरू जर्व्हेस मॅथ्यू यांच्यामार्फत टॉल्किन यांची कॉलिन्स प्रकाशनाच्या मिल्टन वॉल्डमन यांच्याशी ओळख झाली. वॉल्डमन यांनी दोन्ही ग्रंथांत उत्सुकता दाखवली.

आता प्रश्न होता बांधिलकीचा. ‘द हॉबिट’च्या करारात पुढील पुस्तक प्रथम त्याच प्रकाशकाला दाखवण्याची अट होती. ती आपण पूर्ण केली आहे, तेव्हा कायद्याने आपण मोकळे आहोत, असे टॉल्किन यांचे मत होते. परंतु नैतिकदृष्ट्याही आपण मोकळे आहोत काय, हा प्रश्न त्यांनी वॉल्डमन यांना लिहिताना उपस्थित केला. रेनरबद्दल त्यांना मनापासून स्नेह होता. प्रश्न योग्य होता. उत्तर शोधण्याचा मार्ग मात्र सरळ नव्हता. फेब्रुवारी १९५० मध्ये त्यांनी अन्विन यांना पत्र लिहून आपल्या ग्रंथाचे असे वर्णन केले, की प्रकाशकाने स्वतःहूनच माघार घ्यावी. हा ग्रंथ म्हणजे अवाढव्य राक्षस आहे, मुलांच्या कामाचा नाही, अशा थाटाचे ते पत्र होते. मला तुमच्यापासून दूर जायचे आहे, हे एक वाक्य तेवढे त्यात नव्हते.

चूक दुसऱ्या बाजूनेही झाली. स्टॅन्ली अन्विन यांनी मुलाचे मत मागवले. आता तरुण झालेल्या रेनर यांनी वडिलांसाठी खासगी टिपण लिहिले : ‘सिल्मॅरिलियन’मधील आवश्यक तेवढा भाग कादंबरीत घ्यावा, ते न जमल्यास कादंबरी छापावी आणि ‘सिल्मॅरिलियन’ पुन्हा एकदा पाहून बाजूला ठेवावे. वडिलांनी ते टिपण जसेच्या तसे टॉल्किन यांना पाठवून दिले. घरात बोललेले शब्द पाहुण्याच्या कानी पडावेत, तसे झाले. १४ एप्रिल १९५० रोजी टॉल्किन यांनी निर्वाणीचे पत्र धाडले : हो की नाही, ते आताच सांगा. तीनच दिवसांनी उत्तर आले. तातडीने उत्तर हवे असेल तर ते ‘नाही’ असेच आहे. परंतु पुरेसा अवधी आणि संपूर्ण हस्तलिखित मिळते, तर ते ‘हो’ असू शकले असते, असे अन्विन यांनी लिहिले. त्यांनी नकार दिला, पण दाराला कडी घातली नाही.

पुढची दोन वर्षे वाया गेली. कॉलिन्सने कादंबरीची काटछाट हवी, असे सुचवले. वॉल्डमन यांचे आजारपण आणि इटलीतील वास्तव्य यांमुळे काम रेंगाळले. युद्धानंतर कागदाचे भावही कडाडले होते. १९५२ च्या वसंतात टॉल्किन यांनी कॉलिन्सलाही निर्वाणीचे पत्र पाठवले. तेथूनही नकारच आला.

यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. ते साठीचे होते, मान्यवर प्राध्यापक होते. मध्यंतरी रेनर यांनी मात्र मैत्रीची पत्रे लिहिणे थांबवले नव्हते. २२ जून १९५२ रोजी टॉल्किन यांनी त्यांना उत्तर लिहिले. आपले मत बदलले आहे, काहीच न होण्यापेक्षा काहीतरी होणे बरे, हे त्यांनी मान्य केले, आणि आपण स्वतः बंद केलेली दारे पुन्हा उघडता येतील काय, असे विचारले. कुणावर ठपका नाही, स्वतःसाठी सबब नाही. रेनर सप्टेंबरमध्ये स्वतः ऑक्सफर्डला जाऊन हस्तलिखित घेऊन आले. हिशेब मांडता हजार पौंडांचे नुकसान संभवत होते. त्यांनी परदेशी असलेल्या वडिलांना कळवले. ही प्रतिभेची कृती आहे असे तुला वाटत असेल तर हजार पौंड गमावायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. करार निम्म्या नफ्याचा ठरला : खर्च निघेपर्यंत लेखकाला काहीच नाही, पुढे दोघांना समान वाटा. १९५४–५५ मध्ये तीन खंड प्रसिद्ध झाले आणि १९५६ च्या आरंभी लेखकाच्या हाती साडेतीन हजार पौंडांहून अधिक रकमेचा पहिला धनादेश पडला.

तिसरा वाद अन्यायाशी होता. १९६५ साली अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनाने तेथील कायद्यातील पळवाटेवर बोट ठेवून, परवानगी न घेता व मानधन न देता, कादंबरीची स्वस्त आवृत्ती काढली. टॉल्किन यांनी शिवीगाळ केली नाही, की मौनही पाळले नाही. अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना ते वस्तुस्थिती सांगत व मित्रांनाही सांगा, अशी विनंती करत. बॅलंटाइनने काढलेल्या अधिकृत आवृत्तीवर त्यांचे निवेदन छापले गेले : हयात लेखकाशी निदान सौजन्याने वागावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हीच आवृत्ती घ्यावी. वाचकांचा रोष वाढला आणि १९६६ मध्ये एस बुक्सने मानधन देऊ केले व पुनर्मुद्रण न करण्याचे मान्य केले.

या तिन्ही प्रसंगांत टॉल्किन जेथे सरळ बोलले, तेथे त्यांची पत वाढली. जेथे त्यांनी आडवळण घेतले, तेथे दोन वर्षे हातची गेली. तुमच्या-आमच्या घरांत कुणी लिहीत असेल, कुणी छपाईच्या वा अन्य व्यवसायात असेल, त्यांना हा इतिहास उपयोगी पडावा. तक्रार असेल तर ती संबंधितालाच स्पष्ट शब्दांत सांगावी, दुसऱ्याचे खासगी टिपण पुढे धाडू नये आणि आपली चूक उमगल्यावर पहिले पत्र आपणच लिहावे.

ज्या ‘सिल्मॅरिलियन’वरून हा सारा वाद झाला, तो ग्रंथ टॉल्किन यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. प्रकाशक होते जॉर्ज ॲलन अँड अन्विन.