न दुखणारा चट्टा

वर्धा म्हटलं की बाहेरच्या माणसाला सेवाग्राम, पवनार आणि चरखा आठवतो. आपल्या मंडळींना त्याच्या जोडीला गोरसपाक! पण या जिल्ह्याला आणखी एक इतिहास आहे आणि तो गप्पांमध्ये क्वचितच निघतो. तो आहे कुष्ठरोगाचा.

आपण डॉक्टरकडे कधी जातो? दुखलं की. पोट दुखो, दाढ दुखो, दुखणंच आपल्याला उठवून दवाखान्यात नेतं. कुष्ठरोगात नेमकं उलटं होतं. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो दुखत नाही, खाजत नाही, आणि हळूहळू तिथली संवेदनाच जाते. जंतू इतके संथ वाढतात की संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत काही वर्षं जाऊ शकतात. नसा गेल्या की गरम भांडं हाताला भाजतं, चप्पल पायातून निसटते, आणि माणसाला पत्ता नसतो. बोटं झडतात असं आपण म्हणतो, पण ती रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. न कळलेल्या, चिघळलेल्या जखमांनी ती झिजत जातात.

१८७३ साली नॉर्वेत हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. तरी आपल्याकडे 'महारोग', 'रक्तपिती' या शब्दांची दहशत तशीच राहिली. १८९८ च्या इंग्रजी कायद्याने तर रोग्यांना वेगळं ठेवण्याची सोयच करून दिली, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. उपचार म्हणजे चौलमोगरा तेलाची दुखरी इंजेक्शनं. गुण येईलच याची खात्री नाही.

अशा काळात, १९३६ साली, विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. १९३९ साली संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना हा रोग होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि त्यांची शुश्रूषा, मालिश स्वतः केली. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे.

पण मला त्या फोटोइतकंच मोठं वाटतं ते पुढचं काम. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. तिथे डॉ. वारदेकरांनी एक साधा विचार केला. रोग दुखत नाही म्हणून रोगी येत नाही, तर मग आपण जायचं! घरोघर जाऊन त्वचा तपासायची, लोकांना समजावून सांगायचं आणि घरी राहूनच उपचार द्यायचे. तोवर डॅप्सोनच्या गोळ्या आल्या होत्या, त्यामुळे रोग्याला गावाबाहेर काढायची गरज उरली नव्हती. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली.

पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. आपल्या देशात हा बहुविध उपचार ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

इथे समजावून सांगण्याचं महत्त्व आणखी कळतं. रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. क्लोफॅझिमिनने त्वचा काळवंडते, ती औषध संपल्यावर काही महिन्यांनी पूर्ववत होत जाते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पाकीट फेकून देणारच. डॅप्सोनने मात्र कधी रक्त कमी होतं, कधी अंगभर पुरळ आणि ताप येतो. तेव्हा गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे 'रिअॅक्शन'. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, हातापायाची ताकद जाते. "औषध उलटलं" म्हणून लोक गोळ्या बंद करतात. खरं तर हा शरीराच्या प्रतिकाराचा भडका असतो. गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठला, तर प्रेडनिसोलोनने नस वाचू शकते. उशीर झाला की हात वाकडा तो कायमचा. आणि हे स्टेरॉइड स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, मध्येच एकदम सोडायचंही नाही.

डिसेंबर २००५ मध्ये देशाने निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी, रोग संपला असा नव्हे. अजूनही आपल्याकडे वर्षाला सुमारे १ लाख नवे रोगी सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि ते सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती उरत नाही.

घरोघर जाणारी ती माणसं आता सगळीकडे पोचतीलच असं नाही. त्यामुळे तपासायचं काम आपल्याकडेच आलं आहे. घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल, तर "दुखत नाही ना, मग राहू दे" एवढं मात्र म्हणू नका. दुखत नाही, म्हणूनच दाखवायचा.