द्वारपंडिताच्या उंबरठ्यावर

गेल्या कार्तिक महिन्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात दिवेलागणीनंतर रोज एक लहानशी परीक्षा भरत असे. त्या घरच्या मुलीने केंब्रिज विद्यापीठात गणित शिकण्यासाठी अर्ज केला होता. तिची तोंडी परीक्षा मार्गशीर्षात संगणकाच्या पडद्यावर व्हावयाची होती, आणि तिच्या सरावासाठी आमच्याच आळीतील एक सेवानिवृत्त गणितशिक्षक, गुडघ्याचे दुखणे सांभाळीत, दोन जिने चढून येत असत. अनोळखी माणसासमोर बोलण्याची सवय व्हावी म्हणून मलाही तेथे एक खुर्ची दिलेली होती. पहिल्या दिवशी सरांनी विचारले, "एकपासून शंभरपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर त्याच्या शेवटी किती शून्यं येतील?" मुलगी चार मिनिटे गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वीस." सर म्हणाले, "उत्तराचं नंतर बघू. ह्या चार मिनिटांत तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांग." ते मात्र तिला सांगता येईना. तिने विचार केला नव्हता असे नाही. विचार उच्चारण्याची सवयच तिला बारा वर्षांच्या शाळेत कोणी लावली नव्हती.

त्या संध्याकाळपासून माझ्या मनात एक जिज्ञासा उत्पन्न झाली. विद्येच्या दारात उभे राहून तोंडाने उत्तर देणे ही गोष्ट आपल्याकडे नवी खचित नाही. मग त्या उत्तराची तयारी पूर्वीची माणसे कशी करीत असतील? त्या शोधात जे हाती लागले त्यातील काही येथे मांडतो.

प्रवेशाची सर्वांत जुनी मुलाखत म्हणून मला छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आठवते. हारिद्रुमत गौतमांकडे ब्रह्मचर्यासाठी गेलेल्या त्या मुलाला एकच प्रश्न विचारला गेला, तुझे गोत्र कोणते? कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु निघण्यापूर्वी तो आपल्या आईला हाच प्रश्न विचारून गेला होता, या तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रश्न येणार हे त्याला माहीत होते, म्हणजे त्याने तयारी केली होती. जबालेने त्याला सांगितले की तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत असता तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. मी जबाला आहे आणि तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असे सांग. आईचे हे बोलणे त्याने आचार्यांपुढे जसेच्या तसे ठेवले, एखादे सोयीचे गोत्र जुळविले नाही, आणि तेवढ्यावर आचार्यांनी त्याला समिधा घेऊन येण्याची आज्ञा केली. पाठ केलेले उत्तर आणि खरे उत्तर एकच असू शकते, ही गोष्ट या कथेत मला फार मोलाची वाटते.

तयारीचे शास्त्र म्हणून ज्याला म्हणता येईल ते मात्र चरकसंहितेत सापडते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने काय करावे याचे विवेचन आहे, आणि त्यातील पहिली गोष्टच आजच्या उमेदवाराला चकित करील अशी आहे: शिष्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची परीक्षा करावी, आणि त्यानंतर आचार्याने शिष्याची. म्हणजे पारखण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना असून त्यात पहिली पाळी शिकणाऱ्याची आहे. पुढे अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा असे ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत. तद्विद्यसंभाषा म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्याशी केलेली चर्चा. हिने ज्ञान वाढते, वाणीला सामर्थ्य येते, ऐकलेल्यात जो संदेह राहिला असेल तो फिटतो, आणि गुरूने जे गूढ राखून ठेवलेले असते तेही बोलण्याच्या भरात बाहेर पडते, असे संहिताकार म्हणतात. हिचे प्रकार दोन. स्नेहाने केलेली ती संधाय संभाषा, जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. पहिलीत मोकळेपणाने विचारावे, मोकळेपणाने सांगावे, हरण्याची धास्ती धरू नये आणि समोरचा हरला तर हर्ष मानू नये. दुसरीत उतरण्यापूर्वी मात्र प्रतिपक्षाचे आणि आपले बलाबल एकांतात नीट तपासावे. श्रुत, विज्ञान, धारणा, प्रतिभा आणि वचनशक्ती हे वादकर्त्याचे गुण; रागीटपणा, अप्रावीण्य, भित्रेपणा, विसराळूपणा आणि अनवधान हे त्याचे दोष. हे दोष वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती शेजारची मुलगी उभी राहिली, कारण तिचे श्रुतही उत्तम होते आणि धारणाही. उणीव होती ती भीती गेल्यावाचून न फुटणाऱ्या वाणीची. अशा उणिवेवर चरकाचा उपाय एकच दिसतो. शत्रूशी वाद करण्यापूर्वी मित्राशी वाद करावा, आणि पहाटे, मध्यान्ही, अपराह्णी व रात्री असा अभ्यासाचा परिपाठ अखंड ठेवावा.

ज्या दाराचे नाव या लेखाला दिले आहे ते नालंदेचे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग तेथे राहिला होता. तो लिहितो की, देशोदेशींचे जे विद्यार्थी विहारात प्रवेश घेऊन चर्चेत भाग घेण्याच्या इच्छेने येत त्यांना द्वारपाल कठीण प्रश्न विचारीत असे, आणि पुष्कळजण निरुत्तर होऊन तेथूनच माघारी वळत. नवे आणि जुने असे दोन्ही ग्रंथ ज्यांनी खोल अभ्यासले असतील त्यांनाच आत घेत, आणि दहांपैकी सात-आठ परत जात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या इत्सिंगाने या दारापर्यंत पोहोचण्याची वाट तपशीलवार वर्णिली आहे: सहाव्या वर्षी वर्णमाला, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, पंधराव्या वर्षी काशिकावृत्ती, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे नालंदेस किंवा सौराष्ट्रातील वलभीस. तेथे विद्वानांच्या समुदायात आपली मते घासून-पुसून घेतल्यावर मग राजसभेत जाऊन बुद्धीची धार अजमावावयाची, आणि जे यशस्वी होत त्यांची नावे उंच दारांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात. हजारो कोसांवरून चालत आलेल्या ज्या तरुणांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, ज्यांना बरोबरीच्या कोणाशी बोलून पाहण्याची संधी गावी मिळालीच नसेल, त्यांचे परतीचे पाऊल मला या पांढऱ्या अक्षरांहून अधिक आठवत राहते. पुढे विक्रमशिलेस दारांवर पंडित नेमण्याची ही वहिवाट अधिक भरभराटीस आली. रत्नाकरशांती, प्रज्ञाकरमती, नारोपा, ज्ञानश्रीमित्र अशा सहा जणांची नावे तिबेटी परंपरेने द्वारपंडित म्हणून जपली आहेत. दारावर शिपाई न ठेवता त्या काळातील सर्वश्रेष्ठ विद्वान ठेवावेत, ही कल्पना केवढी उदात्त आहे! माघारी जाणाऱ्याच्या पदरीही निदान एक उत्तम प्रश्न पडला असेल.

मिथिलेत निराळी पद्धत सांगतात. पोथीच्या पानांत शलाका खुपसावयाची आणि तिचे टोक ज्या पानावर थांबेल ते पान विद्यार्थ्याने विशद करावयाचे. अशा परीक्षेला निवडक प्रश्नांची तयारी उपयोगी पडत नाही; सबंध ग्रंथच जिभेवर असावा लागतो.

आता महाराष्ट्राकडे वळतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला आणि दाभाड्यांचे वैभव मावळल्यावर तो पेशव्यांनी पुण्यात चालविला. सर्वसाधारण भिक्षुकांची दक्षिणा पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात वाटली जाई; शास्त्रसंपन्न म्हणून जे येत त्यांची परीक्षा सरकारचे शास्त्री घेत आणि योग्यतेप्रमाणे त्यांची संभावना होई. श्रावण जवळ आला की पाठशाळांतून वाक्यार्थाला बहर येत असे. एकाने पूर्वपक्ष करावा, दुसऱ्याने सिद्धांत मांडावा, मग पक्ष पालटावेत, म्हणजे सकाळी ज्या मताचे खंडन केले त्याचेच मंडन संध्याकाळी करण्याची पाळी यावी, हा त्या अभ्यासाचा क्रम. आपल्या मताशी लगट न करता त्याच्या दोन्ही बाजूंनी चालून पाहण्याची ही रीत प्रत्यक्ष परीक्षेहूनही अधिक शिकवून जात असली पाहिजे.

१८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले, तरी कंपनी सरकारच्या एल्फिन्स्टनने दक्षिणेची रक्कम सरसकट बंद न करता तिचा काही भाग विद्येकडे वळविला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. सनद नवी आली, परंतु दार जुनेच राहिले: रमण्यात काय आणि वाड्यात काय, आरंभी प्रवेश ब्राह्मणांपुरताच होता. प्रश्नाला उत्तर देण्याची पात्रता अजमावण्यापूर्वीच, प्रश्न ऐकण्याचा अधिकार कोणाला आहे हे जन्मावरून ठरविलेले असे, आणि सत्यकामाला आत घेणाऱ्या परंपरेच्या वारसांनी ते ठरवावे ही गोष्ट लिहिताना मनाला यातना होतात. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेचा काही अंश मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा म्हणून अर्ज केला, तेव्हा शहरात मोठा क्षोभ झाला आणि अर्जदारांच्या रक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी चालविलेल्या शाळांच्या जाहीर परीक्षा पुढील तीन-चार वर्षांत पुणेकरांनी गर्दी करून पाहिल्या, आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडीच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. ज्या मुलींना कोणी कधी प्रश्न विचारला नव्हता त्या परक्या मंडळींपुढे उभ्या राहून खड्या आवाजात उत्तर देत आहेत, हे दृश्य पाहण्यास मी माझ्या आयुष्यातील कितीतरी वर्षे आनंदाने दिली असती. त्यांच्या सरावाच्या संध्याकाळी कशा गेल्या असतील, घरी कोणी पाठ ऐकून घेतला असेल की नाही, याची नोंद ठेवणारे दप्तर कोणाचे नव्हते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. तेथून पुढे जिभेची जागा लेखणीने घेतली. कागदावरची परीक्षा पुष्कळ अंशी न्याय्य ठरली, कारण परीक्षकाला उमेदवाराचा चेहरा दिसत नव्हता आणि पोषाखही. परंतु शेकडो वर्षांचा बोलण्याचा अभ्यास त्यामुळे पाठशाळांच्या भिंतींआड गेला. पुण्याच्या वेदशास्त्रोत्तेजक सभेने १८७५ पासून, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेने १९१६ पासून, तो आपल्या परीने सांभाळला.

हाच फेरा केंब्रिजलाही चुकला नव्हता, आणि त्याची खूण आपल्या मराठी घरांत रोजच्या बोलण्यात राहून गेली आहे. १८९९ मध्ये मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे सहमानकरी झाले आणि 'रँग्लर परांजपे' हे नाव पुढील दोन-तीन पिढ्यांना पदवीसारखे परिचित झाले. रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा. पूर्वी केंब्रिजमध्ये पदवी मिळण्यासाठी विद्यार्थ्याला काही विधाने मांडून ती विरोधकांसमोर लॅटिनमध्ये सिद्ध करावी लागत. ट्रायपॉस हे नावही ज्या तीन पायांच्या तिवईवर बसून एक जुना पदवीधर उमेदवारांशी वाद करीत असे तिच्यावरून आलेले आहे. लेखी परीक्षेने या वादांना हळूहळू मागे सारले आणि १८३९ मध्ये ते बंद पडले. परांजपे पहिले आले तेव्हा त्या प्रथेला साठ वर्षे लोटली होती. वाद गेला आणि नाव उरले. परंतु त्या विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी तरी समोरासमोर बोलणे सोडले नाही. तेथे परीक्षक एक कोडे पुढे ठेवतो, अडल्यास थोडे सुचवितो, आणि सुचविलेले घेऊन उमेदवार पुढे कसा जातो ते पाहतो. ही शिकवणीच असते म्हणा ना. उत्तरापेक्षा उत्तराकडे जाणारी पावले तेथे मोजली जातात.

ही पावले ऐकू यावीत म्हणूनच आमचे सर दोन जिने चढत होते. आठवड्याभराने त्यांनी पहिल्याच दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारला. मुलगी फळ्यापाशी जाऊन बोलू लागली: "शून्य येतं ते दहामुळे. दहा म्हणजे दोन आणि पाच. दोन तर भरपूर आहेत, म्हणजे पाच किती ते मोजायचं. पाचाच्या पाढ्यातल्या संख्या वीस, म्हणून वीस... नाही, थांबा, पंचवीसमध्ये पाच दोनदा आहे. पन्नासमध्ये, पंचाहत्तरमध्ये, शंभरमध्येही. म्हणजे आणखी चार. चोवीस." चुकण्यापासून सुधारण्यापर्यंतचा सगळा प्रवास आम्हांला ऐकू आला होता. सर काही बोलले नाहीत. खडू खाली ठेवण्यापूर्वी तिने तो क्षणभर हातात घट्ट धरलेला मला दिसला.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला चरकाची ती गोष्ट सांगितली, की आचार्याची परीक्षा आधी शिष्याने करावयाची असते. ती सरांकडे वळून म्हणाली, "मग सर, मी तुम्हांला एक विचारू? हजारापर्यंतच्या गुणाकारात शेवटून पहिला आकडा, शून्य नसलेला, कोणता येईल?" सर खुर्चीवरून उठले, फळ्यापाशी गेले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "थांब हं. मला येत नाहीये, पण मी मोठ्यानं विचार करतो. तू ऐक, आणि चुकलो की टोक."